जहाजावरचा पोऱ्या ते सरन्यायाधीश : लॉर्ड रेडिंग

खिलाफत आणि असहकार चळवळीच्या इतिहासात लॉर्ड रेडिंग हे नाव तुम्ही वाचले असेल. मौलाना महंमद अली, शौकत अली आणि पुढे महात्मा गांधी यांना ज्याच्या कारकिर्दीत तुरुंगात जावे लागले, तो हा व्हाइसरॉय. शालेय पुस्तकात त्याची ओळख एका ओळीत संपते. हिंदुस्थानात येण्यापूर्वी हा गृहस्थ इंग्लंडचा सरन्यायाधीश होता, त्यापूर्वी मंत्री, त्यापूर्वी बॅरिस्टर, आणि त्याही आधी शेअरबाजारातून बाहेर काढला गेलेला एक कर्जबाजारी तरुण होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्याचे मूळ नाव रूफस आयझॅक्स. जन्म १० ऑक्टोबर १८६० रोजी लंडनमध्ये, एका यहुदी कुटुंबात झाला. वडिलांचा फळांचा व्यापार होता आणि नऊ भावंडांत रूफस चौथा. यहुदी माणसाला आपल्या धर्माप्रमाणे शपथ घेऊन ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसण्याची मुभा १८५८ साली मिळाली, म्हणजे रूफसच्या जन्मापूर्वी अवघी दोन वर्षे. अल्पसंख्य समाजातल्या मुलासाठी दार नुकते कोठे किलकिले झाले होते.

मुलाने मात्र आधी त्या दाराकडे पाहिलेही नाही. अभ्यासात डोके होते, पण स्वभाव व्रात्य. लहान वयातच शाळा सुटली, वडिलांच्या धंद्यातही मन रमेना. अखेर सोळाव्या वर्षी त्याला 'ब्लेअर अ‍ॅथोल' नावाच्या शिडाच्या जहाजावर पोऱ्या म्हणून पाठवण्यात आले. डेक धुणे, दोर ओढणे आणि वरिष्ठांचा मार खाणे, असे ते जिणे. याच जहाजातून तो कलकत्त्यास पोहोचला. ज्या देशाचा कारभार पुढे त्याच्या हाती येणार होता, त्याचे पहिले दर्शन त्याला झाले ते खलाशाच्या कपड्यात.

परत आल्यावर तो लंडनच्या शेअरबाजारात शिरला. १८८४ साली भाव कोसळले आणि त्याच्यावर सुमारे ८००० पौंडांचे देणे झाले. त्या बाजाराची एक रीत होती. देणे चुकवू न शकणाऱ्या सभासदाचे नाव लाकडी हातोडा आपटून सर्वांसमक्ष पुकारले जाई. चोविशी न ओलांडलेल्या रूफसचे नाव असे पुकारले गेले. व्यापारी घराण्यात याहून मोठी बेअब्रू कोणती? तो देश सोडून अमेरिकेकडे जायला निघाला. परंतु आईने ऐनवेळी स्टेशनवरून त्याला परत आणवले आणि वकिली शिकण्याचा मार्ग दाखवला, अशी हकीकत त्यांच्या घरात सांगितली जाई. पालकांनी या माउलीकडे जरूर पाहावे. दोनदा फसलेल्या मुलावर तिने तिसऱ्यांदा विश्वास टाकला.

१८८७ साली रूफस आयझॅक्स मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी अ‍ॅलिस कोहेन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. जो मुलगा शाळेत टिकला नाही, तो आता पहाटे चार वाजता उठून कागदपत्रे वाचू लागला. वकिलीत पैसा येऊ लागताच त्यांनी पहिले काम केले ते जुने कर्ज फेडण्याचे.

एक गंमत पाहा. ज्या बाजाराने त्यांना बुडवले, त्याचेच ज्ञान कोर्टात त्यांचे भांडवल ठरले. हिशेबाच्या वह्या, हुंड्या, कंपन्यांचे ताळेबंद यांची उलगड करण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. व्हिटेकर राइट नावाच्या बड्या कंपनीवाल्याने खोटे ताळेबंद दाखवून हजारोंना बुडवले होते. सरकार खटला भरायला तयार नव्हते, म्हणून धनकोंनीच तो चालवला आणि आयझॅक्स त्यांच्या बाजूने उभे राहिले. आवाज चढवणे नाही, हातवारे नाहीत. एकामागून एक आकडे विचारत त्यांनी आरोपीला कोंडीत पकडले. जानेवारी १९०४ मध्ये राइटला सात वर्षांची शिक्षा झाली आणि कोर्टाच्या इमारतीतच त्याने विष घेतले.

त्याच साली रेडिंग शहरातून लिबरल पक्षातर्फे ते पार्लमेंटमध्ये निवडून आले. १९१० मध्ये प्रथम सॉलिसिटर जनरल आणि काही महिन्यांतच अ‍ॅटर्नी जनरल झाले. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यावर जी सरकारी चौकशी झाली, तीत व्यापार खात्याची बाजू त्यांनीच मांडली.

परंतु तेच १९१२ साल त्यांच्या आयुष्यातला काळा डाग घेऊन आले.

ब्रिटिश साम्राज्यभर बिनतारी संदेशाची केंद्रे उभारण्याचा ठेका सरकार मार्कोनी कंपनीला देत होते. त्या इंग्रज कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर होते रूफस यांचे सख्खे भाऊ गॉडफ्रे. अमेरिकेतली मार्कोनी कंपनी कागदोपत्री वेगळी होती, ठेक्याशी तिचा थेट संबंध नव्हता. पण तिचे बहुसंख्य शेअर इंग्रज कंपनीच्याच हाती होते. एप्रिल १९१२ मध्ये, बाजारात विक्री खुली होण्यापूर्वी, रूफस यांनी दुसरा भाऊ हॅरी याच्याकडून या अमेरिकन कंपनीचे १०,००० शेअर घेतले आणि त्यांतले हजार-हजार आपले सहकारी लॉइड जॉर्ज व अलेक्झांडर मरे यांना दिले. लॉइड जॉर्ज तेव्हा अर्थमंत्री होते.

कुजबुज सुरू झाली. ऑक्टोबर १९१२ मध्ये पार्लमेंटमध्ये उभे राहून आयझॅक्स यांनी सांगितले की त्या कंपनीच्या शेअरांत आपण कधीही व्यवहार केलेला नाही. त्या कंपनीच्या, म्हणजे इंग्रज कंपनीच्या. शब्दन् शब्द खरा! अमेरिकन शेअरांविषयी मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. साक्षीदाराने अर्धे सत्य सांगितले तर ते कसे उघडे पाडावे, हे ज्याला पुरते ठाऊक होते, त्याच वकिलाने सभागृहापुढे अर्धेच सत्य ठेवले. १९१३ च्या वसंतात एका फ्रेंच वृत्तपत्रावरील बदनामीच्या दाव्यात उरलेली हकीकत बाहेर आली. त्या दाव्यात त्यांची वकिली केली ती विरोधी पक्षाच्या एडवर्ड कार्सन व एफ. ई. स्मिथ यांनी, वकिलीचा धर्म असा पाळला जाई. चौकशी समितीत मात्र सभासद पक्ष पाहूनच विभागले गेले. आयझॅक्स यांनी सभागृहात खेद व्यक्त केला आणि सरकारच्या बहुमताने प्रकरण मिटले. लाच घेतल्याचे सिद्ध झाले नाही. पण विचारण्याआधीच सारे सांगून टाकले असते, तर सिद्ध करण्याजोगे काही उरलेच नसते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आणि मग, अवघ्या चार महिन्यांत, ऑक्टोबर १९१३ मध्ये ते इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले! हे पद रिकामे झाले की त्यावर अ‍ॅटर्नी जनरलचा पहिला हक्क, असा त्या काळचा प्रघात होता. प्रघात मोडावा तर आपल्याच मंत्र्याला दोषी ठरवल्यासारखे होणार, अशा पेचात पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ होते. मुंबईत जन्मलेले कवी रड्यार्ड किपलिंग यांनी या नेमणुकीवर 'गेहाझी' ही जहरी कविता लिहिली. हजरत अल-यसा यांचा हा लोभी नोकर कोढी झाला, अशी कथा बायबलात आहे. तिच्यात आयझॅक्स यांच्या यहुदीपणावरचा डंखही होता. टीका रास्त असली तरी तिच्यात जातीचा द्वेष कालवला की ती नासते.

वर्षाला वीस हजार पौंडांहून अधिक कमाई सोडून ते ८००० पौंडांच्या पगारावर न्यायासनावर बसले. कोर्टात ते शांत, सौजन्यशील आणि दोन्ही बाजू ऐकून घेणारे न्यायाधीश होते. १९१६ साली आयर्लंडचे देशभक्त सर रॉजर केसमेंट यांच्यावरील राजद्रोहाचा खटला त्यांच्याच अध्यक्षतेखाली चालला. फाशीची शिक्षा झाली, ती अमलातही आली. पण राजकारण त्यांना सोडीना, आणि खरे तर त्यांनाही ते सुटत नव्हते. महायुद्धात सरकारसाठी कर्ज उभारायला ते अमेरिकेस गेले, आणि १९१८-१९ मध्ये तर सरन्यायाधीशपद न सोडताच तेथे राजदूत झाले. न्यायासन आणि सरकार यांच्यामधली भिंत अशी ओलांडणे आज कोणी खपवून घेणार नाही.

२ एप्रिल १९२१ रोजी मुंबईस त्यांनी व्हाइसरॉयपदाची सूत्रे घेतली. या पदावर आलेले ते एकमेव यहुदी. जालियनवाला बागेची जखम ओली होती; सरन्यायाधीश आला, आता न्याय मिळेल, अशी आशा पुष्कळांना वाटली. मे महिन्यात सिमल्याला त्यांनी गांधीजींशी तासन्‌तास चर्चा केली. खिलाफतीच्या बाबतीत तर त्यांचे सरकार हिंदी मुसलमानांच्या बाजूने उभे राहिले, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. तुर्कस्तानवर लादलेला सेव्ह्रचा तह बदलावा, कॉन्स्टँटिनोपल मोकळे करावे, पवित्र स्थळांवर सुलतानाचे अधिराज्य मानावे, अशी तार त्यांनी लंडनला केली. ती प्रसिद्ध करण्याची परवानगी भारतमंत्री मॉंटेग्यू यांनी मंत्रिमंडळाला न विचारता दिली, आणि ९ मार्च १९२२ रोजी मॉंटेग्यूंना राजीनामा द्यावा लागला. तेही यहुदीच होते. दुसऱ्याच दिवशी, १० मार्चला, गांधीजींना अटक झाली.

एका हाताने देणे आणि दुसऱ्याने घेणे, असा हा सगळा कारभार. रौलट कायदा आणि १९१० चा प्रेस कायदा त्यांच्याच काळात, १९२२ साली रद्द झाले. १९२३ मध्ये विधिमंडळाचा विरोध डावलून त्यांनी मिठावरील कर दुप्पट केला. आणि ऑक्टोबर १९२४ मध्ये बंगालसाठी वटहुकूम निघाला, खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवण्याचा. सुभाषचंद्र बोस त्याच धरपकडीत पकडले गेले आणि मंडालेला पोहोचले. सात वर्षे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेल्या माणसाची सही आरोपपत्र नाही, साक्षीदार नाही, वकील नाही अशा कायद्यावर व्हावी, याला काय म्हणावे?

आपल्या वऱ्हाडाशीही त्यांचा संबंध आला. निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले आणि आपण ब्रिटिशांच्या बरोबरीचे आहोत, असा दावा मांडला. मार्च १९२६ मध्ये रेडिंग यांनी उत्तर पाठवले की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ताच सर्वश्रेष्ठ आहे, तिच्याशी बरोबरीने वाटाघाटी करण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकाला नाही. हे पत्र पुढे संस्थानांच्या इतिहासात वारंवार पुढे येत राहिले.

पुढच्याच महिन्यात ते मायदेशी परतले आणि मार्क्विस झाले. गोलमेज परिषदांत त्यांनी लिबरल पक्षातर्फे भाग घेतला, १९३१ साली काही आठवडे परराष्ट्रमंत्रीही होते. ३० डिसेंबर १९३५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा एकुलता मुलगा जेराल्ड हाही बॅरिस्टर झाला. वडिलांचे दोन खंडांचे चरित्र त्यानेच लिहिले, आणि मार्कोनी प्रकरण त्यातून वगळले नाही.