लेस्ली क्लॉडियस : शंभर सामन्यांचे पहिले मानकरी

रायपूर : देशासाठी शंभर सामने खेळणाऱ्या फुटबॉलपटूंचा आज गौरव होतो. हॉकीत हा टप्पा प्रथम गाठला तो छत्तीसगडच्या भूमीत जन्मलेल्या खेळाडूने. रायपूर-हावडा लोहमार्गावरील बिलासपूर येथे २५ मार्च १९२७ रोजी जन्मलेले लेस्ली क्लॉडियस मूळचे फुटबॉलपटू. बंगाल नागपूर रेल्वेत असताना ते हॉकीकडे वळले. १९४८, १९५२ आणि १९५६ च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या संघांत ते होते. १९६० मध्ये रोमच्या अंतिम सामन्यात त्यांच्या नेतृत्वाखालील संघ पाकिस्तानकडून एका गोलने हरला आणि १९२८ पासूनची सुवर्णपरंपरा खंडित झाली. त्या पराभवाने त्यांच्या सातत्याचे मोल मात्र उणावले नाही. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. २०१२ च्या ऑलिंपिकनिमित्त लंडनच्या भुयारी रेल्वेच्या विशेष नकाशात एका स्थानकाला त्यांचे नाव दिले गेले. त्याच वर्षी २० डिसेंबरला कोलकाता येथे त्यांचे निधन झाले.