गोळेश्वरचे खाशाबा



या हिवाळ्यात आपल्या वर्गातील काही मुले आई-बाबांबरोबर रेक हॉलमध्ये पेन स्टेटच्या कुस्त्या पाहून आली. पुढच्या रविवारी वर्गात दुसरा विषयच नव्हता. कोणी कोणाला कसे उचलले, किती गुण मिळाले, सहा हजार माणसे एकदम ओरडली की छप्पर कसे हादरते, हेच चालले होते. बाराखडी बाजूलाच राहिली. तेवढ्यात एका मुलाने विचारले की भारतात कुस्ती असते का? आम्हा मोठ्यांना आधी हसू आले आणि मग थोडी लाज वाटली. ज्या मुलखात गावोगाव तालमी आहेत तिथून आपण आलो, आणि हे मुलांना कधी सांगितलेच नाही! म्हणून या अंकात खाशाबा जाधवांची गोष्ट.

नकाशा काढा. पुण्याहून दक्षिणेला कोल्हापूरच्या वाटेवर सातारा जिल्ह्यात कराड हे गाव सापडेल. कृष्णा आणि कोयना या नद्या तेथे समोरासमोर येऊन मिळतात. कराडला लागूनच गोळेश्वर नावाचे खेडे आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबाचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटा. घरातच कुस्ती, त्यामुळे हा मुलगा चालायला लागला तोच मातीत, असे म्हटले तरी चालेल.

इथे वाढलेल्या मुलांसाठी थोडे सांगायला हवे. तालीम म्हणजे कुस्तीची शाळा. आत एक हौद असतो, पण पाण्याचा नव्हे, लाल मातीचा. माती चाळून घेतात, तिच्यात तेल, ताक, हळद घालतात, म्हणजे ती मऊ राहते. पहाटे अंधारात उठायचे, लंगोट कसायचा आणि फावड्याने सगळा हौद उकरायचा. हाच पहिला व्यायाम! मग जोर, मग बैठका, मग जोडीदाराशी लढत. जोर म्हणजे तुमच्या पुश-अपचा मोठा भाऊ. त्यात छाती जमिनीलगत नेऊन नागाच्या फण्यासारखी वर काढावी लागते. दहा काढून बघा, मग बोलू. तालमीत ते शेकड्यांनी मोजतात. एखाद्या दिवशी कंटाळा आला म्हणून सुट्टी नाही, कारण वस्ताद दारातच उभे असतात. वस्ताद म्हणजे कुस्तीचे गुरुजी.

खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकला. कुस्तीबरोबर पोहणे, धावणे, मल्लखांब, वजन उचलणे या सगळ्यांत तो पुढे असे. (आपल्या वर्गात धावणारी मुले जास्त आहेत, त्यांच्यासाठी हा कंस. खाशाबांच्या आधी, १९२० साली, बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. ती मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि त्यांचा १९वा क्रमांक आला. त्यांच्यावर पुन्हा केव्हातरी लिहू.) १९४२ मध्ये चले जाव चळवळ सुरू झाली तेव्हा खाशाबा सोळा वर्षांचा होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, निरोप पोचवणे अशी कामे त्याने केली. पुढे देश स्वतंत्र झाला. आपला तिरंगा ऑलिंपिकमध्ये फडकावा, ही इच्छा त्याने तेव्हाच मनात धरली.

आता अहो-जाहो करू, कारण खाशाबा कॉलेजात गेले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान तिथेच आहे. पण कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना हा किरकोळ अंगाचा मुलगा पैलवान वाटेना, आणि त्यांनी वार्षिक स्पर्धेत नाव घ्यायचे नाकारले, असे सांगतात. खाशाबा सरळ प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि खाशाबांनी आपल्याहून दांडग्या मुलांना चीत केले. हे खर्डेकर सर लक्षात ठेवा, गोष्टीत ते पुन्हा येणार आहेत.

१९४८ चे ऑलिंपिक लंडनला झाले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला म्हणून खाशाबांना जाता आले. तिथे गेल्यावर पाहतात तो माती नाहीच! गादीवर, म्हणजे मॅटवर, लढायचे. नियमही निराळे. आपल्या मातीत समोरच्याची पाठ लागली की कुस्ती संपली. तिथे प्रत्येक पकडीचे गुण मोजत होते आणि घड्याळ चालू होते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने त्यांना तिथे चार गोष्टी शिकवल्या. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, इराणच्या मल्लाकडून हरले, आणि फ्लायवेट गटात सहावे आले. जन्मात पहिल्यांदा मॅटवर उतरून जगात सहावा! दुसरा कोणी यावर खूश होऊन घरी बसला असता. खाशाबा परत आले आणि पुढची चार वर्षे जास्तच घाम गाळू लागले. वजनाचा गटही वाढला, ५२ किलोवरून ५७ वर. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. त्यात समोरच्याचे डोके आणि मान जखडून त्याला कमरेवरून फेकतात. रेक हॉलमध्ये तुम्ही याचा चुलतभाऊ नक्की पाहिला असेल.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंडमध्ये, हेलसिंकीला होते. तिथे पोचण्याआधीच खाशाबांना दोन कुस्त्या माराव्या लागल्या, आणि त्या हौदाबाहेरच्या होत्या.

पहिली निवडीची. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने हरवले गेले. पंचांनी न्याय केला नाही असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी आदळआपट केली नाही, पण गप्पही बसले नाहीत. कुस्तीचे शौकीन असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. निरंजन दास यांच्याशी पुन्हा कुस्ती लागली, आणि या वेळी गुण मोजायची वेळच आली नाही, खाशाबांनी त्यांना चीत केले.

दुसरी कुस्ती पैशाची. या वेळी खर्च करायला कोणी महाराज नव्हते. सरकारकडे मागितलेली मदत वेळेवर मिळाली नाही. गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. घरोघर फिरून रुपया-दोन रुपये असे जमा झाले, पण परदेशवारीला ते पुरणार कसे? तेव्हा खर्डेकर सरांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले. गहाण म्हणजे काय, हे मुलांनी आज जेवताना आई-बाबांना विचारावे. या गावात घराचे हप्ते फेडणाऱ्या बहुतेक पालकांना ते चांगले समजावता येईल! आपल्या मुलासाठी नव्हे, एका विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा शिक्षक. आम्ही हे वाचले तेव्हा बराच वेळ त्याच ओळीवर थांबलो.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशीशी गाठ पडली. ती कुस्ती पूर्ण वेळ, पंधरा मिनिटे चालली आणि खाशाबा हरले. अंगात त्राण उरले नव्हते. इतक्यात पुकारा झाला की पुढची कुस्ती लगेच, सोव्हिएत युनियनच्या रशीद मम्मदबेयोवशी. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. परका देश, परकी भाषा, आणि एकटे खाशाबा. ते तसेच उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य.

स्वतंत्र भारताच्या एका खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवलेले हे पहिले ऑलिंपिक पदक. तिरंगा वर चढला. पण आम्हाला विचाराल तर त्या अर्ध्या तासाची रुखरुख अजून जात नाही. अर्ध्या तासाने निकाल बदलला असता असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकणार नाही, पण त्यांच्या हक्काचा तो अर्धा तास त्यांना मिळायला हवा होता. शनिवारी सकाळी सहाला उठून, बर्फातून गाडी काढून, जिमच्या बाकावर चार तास बसणाऱ्या पालकांना अधूनमधून वाटते की आपण इथे बसून करतो तरी काय. आम्हालाही वाटे. हेलसिंकीची हकिगत वाचल्यापासून वाटत नाही.

दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. साहजिकच सगळीकडे बोलबाला हॉकीचा झाला. कराडला मात्र तसे नव्हते. खाशाबा आगगाडीतून उतरले तेव्हा त्यांना घ्यायला १५१ बैलगाड्या आल्या होत्या! ढोल, लेझीम, गुलाल. एरवी पंधरा मिनिटांत संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले, असे सांगतात.

मिरवणूक संपली, गुलाल धुतला गेला, आणि खाशाबांनी काय केले? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले. स्वतः त्यांत लढले आणि जिंकलेले पैसे खर्डेकर सरांना नेऊन दिले. सरांचे घर सुटले. पदकाच्या कुस्त्या पाहायला जगभरचे लोक होते. या कुस्त्यांना पदक नव्हते, पण आमच्या मते खाशाबांच्या सर्वांत मोठ्या कुस्त्या याच.

पुढची हकिगत थोडक्यात. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. गुडघा दुखावल्यामुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जाता आले नाही. पोलिसांत त्यांनी २७ वर्षे नोकरी केली आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. १९८२ मध्ये दिल्लीत एशियाड भरले तेव्हा ज्योत घेऊन धावणाऱ्यांत तेही होते. वय वर्षे ५६! १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले.

हयातीत त्यांना सरकारचा मोठा किताब मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार दिला गेला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव २०१० मध्ये मिळाले. मधल्या काळात किती वर्षे गेली पाहा. खाशाबांनंतर एकट्या भारतीय खेळाडूला ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९६ मध्ये, आपल्या इथल्याच अटलांटात, टेनिसमध्ये लिअँडर पेसला. म्हणजे ४४ वर्षांनी. १९५२ ला जन्मलेली मुले तोवर आई-बाबा झाली होती, आणि त्यांतली काही स्टेट कॉलेजलाही येऊन पोचली होती.

मुलांनो, खाशाबांचे वजन किती होते माहीत आहे? ५७ किलो, म्हणजे सव्वाशे पौंडांहून किंचित जास्त. पुढच्या खेपेस रेक हॉलमध्ये सव्वाशे पौंडांच्या गटातली जोडी उतरली, की शेजारी जो कोणी बसला असेल त्याला सांगा, आमचे खाशाबा एवढेच होते.