कॅप्टन जेम्स फोर्सिथ : रायफलीचा पारखी आणि सातपुड्याचा अभ्यासक

पचमढीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना आणि नागद्वार, चौरागडच्या यात्रेला जाणाऱ्या वैदर्भीय भाविकांना ‘बायसन लॉज’ हे नाव परिचित आहे. ही वास्तू उभारणारे कॅप्टन जेम्स फोर्सिथ मध्य भारतातील अरण्यांचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवणारे वनाधिकारी म्हणून ओळखले जातात. मात्र, त्यांची आणखी एक ओळख फारशी कोणाला ठाऊक नसते. हरणांच्या आणि मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी भरवशाची रायफल कोणती, या प्रश्नाचा त्यांनी शास्त्रीय अभ्यास केला होता आणि त्यावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला होता.

फोर्सिथ यांचा जन्म १८३८ सालचा. इंग्लंडमध्ये विद्यापीठीय शिक्षण घेऊन ते हिंदुस्थानात आले. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेले जबलपूर तोवर इंग्रजांचे महत्त्वाचे ठाणे बनले होते. १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत स्थापन झाला आणि नव्या प्रांतातील वनसंपत्तीची मोजदाद करण्याची गरज निर्माण झाली. सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत हे काम ज्या तरुण अधिकाऱ्यांवर सोपविण्यात आले, त्यांत फोर्सिथ होते. ते प्रथम सहायक आणि नंतर प्रभारी वनसंरक्षक झाले.

जानेवारी १८६२ मध्ये ते जबलपूरहून पचमढीकडे निघाले. पचमढी त्यांनी शोधून काढली, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु कोरकू आणि गोंड समाजाची तेथे पूर्वापार वस्ती होती, आणि महादेवाच्या यात्राही भरत होत्या. इंग्रज सरकारला त्या पठाराचे महत्त्व पटवून दिले, हे फोर्सिथ यांचे कार्य. १८६२ ते १८६४ या काळात जबलपूर हे केंद्र ठेवून त्यांनी नर्मदेच्या उगमाजवळचे अमरकंटक, छत्तीसगडचे मैदान आणि पूर्वेकडील सालवने पालथी घातली. पुढे निमाड जिल्ह्याचे बंदोबस्त अधिकारी व उपायुक्त म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

नेम आणि अंतर

या भटकंतीत रायफल सतत त्यांच्यासोबत असे. ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हा त्यांचा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे पंचविशीचे होते.

त्या काळी सैन्यात लांबट गोळीच्या रायफली रूढ झाल्या होत्या. दूरवर मारा करण्यात त्या सरस होत्या. पण जड गोळीचा वेग कमी असल्याने तिचा मार्ग कमानीसारखा वाकत असे. अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी गोळी लक्ष्याच्या वरून किंवा खालून जाई. सैनिकाला अंतराप्रमाणे माशी वरखाली करण्याची सवड मिळते. जंगलात मात्र सांबर क्षणभरच दिसते. ते पन्नास वारांवर आहे की सव्वाशे, हे नाल्यापलीकडून नेमके सांगणे कठीण असते. अशा वेळी चुकलेली गोळी अनेकदा पूर्ण चुकत नाही. ती पोटात किंवा पायात लागते. जखमी जनावर झाडीत शिरते आणि यातना भोगत मरते. रायफलीच्या निवडीत खरा प्रश्न हाच होता.

फोर्सिथ यांनी त्यावर मोठ्या व्यासाची गोल गोळी आणि भरपूर दारू हा उपाय सुचविला. त्यामुळे गोळीला मोठा वेग मिळतो आणि सुमारे शंभर वारांपर्यंत माशी न हलवता नेम धरता येतो. अडचण एवढीच होती की, नळीतील आटे जास्त पीळदार असतील, तर जोरदार दारूने ढकललेली शिशाची गोळी आट्यांवरून घसरते आणि भरकटते. म्हणून त्यांनी आट्यांचा पीळ अगदी मंद ठेवण्याचा आग्रह धरला. त्या काळच्या प्रसिद्ध व्हिटवर्थ रायफलीत दर २० इंचांत एक फेरा असे. एका पौंड शिशात १४ गोळ्या बसतील, एवढ्या व्यासाच्या नळीसाठी फोर्सिथ यांनी सुमारे १०४ इंचांत एक फेरा पुरेसा मानला.

सुरक्षिततेचाही विचार त्यात होता. अधिक दारू म्हणजे नळीवर अधिक ताण आणि खांद्याला अधिक धक्का. त्यामुळे नळी जाड आणि हत्यार वजनदार असणे आवश्यक ठरे. तोंडाकडून भरायच्या त्या बंदुकीत गोळी दारूपर्यंत नीट बसली नाही, तर नळी फुटण्याचा धोका असे. शिवाय गोल गोळीचा वेग लवकर मंदावतो, म्हणजे लांबच्या जनावरावर ती झाडणे व्यर्थ. शिकाऱ्याने जवळ जावे, वाऱ्याची दिशा ओळखावी, पाऊल न वाजवता वाट काढावी, हे या रायफलीने अपरिहार्य केले. या कामी गोंड आणि कोरकू वाटाड्यांचे ज्ञानच निर्णायक ठरत असे.

शिकाऱ्याची नोंद

हीच जवळून पाहण्याची सवय त्यांच्या दुसऱ्या ग्रंथात उतरली. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात त्यांनी अरण्ये, आदिवासी समाज आणि वन्यजीव यांचे वर्णन केले. सालवृक्षांचे मुख्य पट्टे पूर्वेकडे असताना पचमढीलगतच्या देनवा खोऱ्यात सालाचे एक वेगळे बेट आहे आणि तेथे पूर्वेकडच्याप्रमाणेच बाराशिंगा व लाल रानकोंबडा आढळतो, ही त्यांची नोंद पुढे अभ्यासकांना मोलाची वाटली. आदिवासींच्या फिरत्या शेतीकडे मात्र त्यांनी सरकारी अधिकाऱ्याच्याच नजरेने पाहिले. राखीव वनांच्या धोरणाने त्या समाजाचे पिढीजात हक्क आकुंचित झाले, हे विसरता येणार नाही.

१ मे १८७१ रोजी लंडन येथे फोर्सिथ यांचे निधन झाले. त्यांचा हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १८७० मध्ये मुंबई आणि कोलकाता जबलपूरमार्गे रेल्वेने जोडली गेली होती. रेल्वेला लाकूड हवे होते, आणि रेल्वेने शिकारीही आणले. त्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आणि जलद भरणाऱ्या रायफली आल्या. फोर्सिथ यांचे मंद पिळाचे आटे मागे पडले आणि दुरून मारा करणे सोपे झाले.

याचे परिणाम बाराशिंगाने भोगले. शिकार आणि आक्रसत गेलेली गवताळ कुरणे यांमुळे मध्य भारतातील कठीण जमिनीवर राहणारा बाराशिंगा कान्हापुरता उरला. १९७० मध्ये तेथे केवळ ६६ बाराशिंगे मोजले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची रायफल निवडण्याचा प्रश्नच भारतात उरला नाही. कान्हात कुरणे राखली गेली, कुंपणात प्रजनन झाले आणि संख्या हळूहळू वाढली.

२०१५ मध्ये कान्हातील बाराशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेऊन वसविण्यात आले. फोर्सिथ यांनी ज्या परिसरात त्यांची नोंद केली होती, तेथून ते मधल्या काळात नाहीसे झाले होते. ते पूर्वी तेथे होते, याची साक्ष देणाऱ्या लिखाणात या शिकाऱ्याचा ग्रंथ महत्त्वाचा आहे. बायसन लॉजमध्ये आता वनविभागाचे संग्रहालय आहे.