उत्तरं दिली म्हणून दंड भरलेले र. धों. कर्वे

1934 साली मुंबईच्या कोर्टात एक खटला चालला. गुन्हा काय, तर लैंगिक आयुष्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना मासिकात सरळ उत्तरं दिली. आरोपी होते रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही कर्वे हरले. 200 रुपये दंड झाला. त्याआधी 1931 मध्येही एका लेखासाठी त्यांनी 100 रुपये दंड भरला होता.

रघुनाथराव म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म 1882 चा. ते नऊ वर्षांचे असताना आई बाळंतपणात गेली. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले. 1921 मध्ये त्यांनी संततिनियमन केंद्र काढलं, त्यापायी 1925 मध्ये नोकरी गेली. 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झालं. पैसा नव्हता, बदनामी भरपूर होती. पत्नी मालतीबाई मात्र सोबत राहिल्या. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी मासिक चालवलं.

शरीरसंबंध आणि मूल या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. दात्याच्या शुक्राणूंपासून मूल, ही त्याच विचाराची दुसरी बाजू म्हणता येईल. अडचण एवढीच, की त्यावर आजही कुणी मोकळं बोलत नाही.

बीड असो की मुंबई, पाळणा हलला नाही की आधी सुनेच्या तपासण्या, नवस, उपास. नवऱ्याची वीर्यतपासणी राहूनच जाते. खरं तर ती सगळ्यात सोपी! शुक्राणू शून्य आले, तरी काही पुरुषांच्या वृषणातून ते छोट्या शस्त्रक्रियेने मिळू शकतात. तेही जमलं नाही, तर दाता हा पर्याय उरतो.

2021 च्या कायद्यानुसार शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच घ्यायचे. दाता 21 ते 55 वयाचा हवा, त्याची एचआयव्ही, कावीळ वगैरेंची तपासणी झालेली हवी. एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात. नवरा-बायको दोघांची लेखी संमती लागते. दात्याचा मुलावर कसलाच हक्क राहत नाही आणि ते मूल कायद्याने त्या जोडप्याचंच, पोटच्या लेकराच्या सगळ्या हक्कांसह.