अमृता शेरगिल : आवारातील विसावा

पिंपळगाव रेणुकाईसारख्या भोकरदन तालुक्यातील गावातून आपण हा पाठ वाचत असाल, तर अजिंठा आपणांस परका नाही. तीच लेणी अमृता शेरगिल यांनी 1936च्या अखेरीस पाहिली. त्यांचा जन्म 1913मध्ये बुडापेस्ट येथे झाला; वडील शीख, आई हंगेरियन. पॅरिसमध्ये शिक्षण घेऊन त्या 1934मध्ये भारतात परतल्या. तेथील छायाप्रकाशाचे धडे मागे सारून सपाट, गडद रंगांकडे त्या वळल्या, त्यामागे अजिंठ्याचा मोठा वाटा आहे.

गोरखपूरजवळील सराया येथे 1938मध्ये त्यांनी स्त्रियांच्या आवाराचे चित्र रंगविले. हिरव्या जमिनीवर स्त्रिया बसल्या आहेत, एकीची वेणीफणी चालली आहे, जवळच तांबड्या फुलांचे झुडूप आहे. वरवर पाहता ही निवांत दुपार. परंतु कोणी कोणाशी बोलताना दिसत नाही. हा विसावा आहे की कोंडी, याचा निर्णय चित्रकर्ती देत नाहीत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते चित्राचे खरे बळ तेथेच आहे.

लाहोरमधील प्रदर्शन अवघ्या काही दिवसांवर आले असताना, 5 डिसेंबर 1941 रोजी, वयाच्या 28व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेवटचे चित्र अपूर्ण राहिले.