बर्फ राखणारा व्यापारी : फ्रेडरिक ट्यूडर

नवी दिल्ली, ४ सप्टेंबर : बोस्टनहून १२ मे १८३३ रोजी निघालेले ‘टस्कनी’ हे जहाज सप्टेंबरमध्ये कलकत्त्यास पोहोचले. त्याच्या पोटात १८० टन बर्फ भरलेला होता. चार महिन्यांच्या प्रवासात जहाजाने विषुववृत्त दोनदा ओलांडले. तरीही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक राहिला. हा माल पाठविणारे अमेरिकी व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांची आज जयंती.

ट्यूडर यांचा जन्म १७८३ मध्ये बोस्टनमधील एका संपन्न वकिलाच्या घरी झाला. भाऊ हार्वर्डमध्ये शिकले. फ्रेडरिक यांनी मात्र कोवळ्या वयातच शाळा सोडून व्यापाराची वाट धरली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर फुकट मिळणारा बर्फ उष्ण प्रदेशांत नेऊन विकावा, ही कल्पना १८०५ मध्ये त्यांनी मनावर घेतली. वितळलेल्या पाण्याने जहाज धोक्यात येईल, या भीतीने कोणीही जहाजमालक हा माल न्यायला तयार होईना. अखेर त्यांनी दोन डोलकाठ्यांचे ‘फेव्हरिट’ हे जहाजच विकत घेतले आणि फेब्रुवारी १८०६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेट गाठण्यासाठी प्रस्थान ठेवले. बोस्टनमधील वृत्तपत्राने या साहसाची थट्टा केली.

बर्फ पोहोचला, पण तो ठेवायला बेटावर जागाच नव्हती. घेणाऱ्यांनाही तो कसा राखावा हे ठाऊक नव्हते. माल डोळ्यांदेखत वितळला आणि हजारो डॉलरचे नुकसान झाले. पुढील काही वर्षांत कर्ज वाढत गेले. १८१२ आणि १८१३ मध्ये कर्जापायी त्यांना तुरुंगवासही घडला.

या अपयशातून ट्यूडर यांना धंद्याचे खरे मर्म उमगले. बर्फ मिळविणे सोपे, राखणे कठीण. हवानातील बर्फघराबाहेर घड्याळ घेऊन उभे राहायचे आणि तासातासाला किती पाणी झाले ते मोजायचे, असा त्यांचा क्रम होता. भिंती दुहेरी बांधून मधल्या पोकळीत कधी हे तर कधी ते भरून पाहिले. गवत आणि पेंढ्यापेक्षा लाकडाचा भुसा उत्तम ठरला. भुशाच्या कणांमध्ये अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. शिवाय लाकूड कापणाऱ्या गिरण्यांना तो टाकाऊच होता. सहकारी नॅथानिएल वायेथ यांनी १८२५ मध्ये घोड्यांनी ओढायचे बर्फ कापण्याचे अवजार बनविले. त्यामुळे सारख्या मापाच्या लाद्या निघू लागल्या. त्या एकमेकींना भिडवून रचल्या की फटी उरत नाहीत आणि उघडा पृष्ठभाग कमी झाल्याने बर्फ कमी वितळतो. आजच्या शीतसाखळीतील कित्येक खबरदाऱ्या यंत्राविना इथेच घेतल्या गेल्या होत्या.

ग्राहकही त्यांनी घडविले. थंड पेयाची सवय लागावी म्हणून पेयगृहांना सुरुवातीला बर्फ फुकट दिला. प्रतिस्पर्धी आला की भाव इतके पाडायचे की त्याचा माल गोदीतच पाणी व्हावा. ही रीत काही सौम्य म्हणता येणार नाही.

कलकत्त्यात त्यापूर्वी हुगळीच्या परिसरात थंडीच्या रात्री उथळ मातीच्या भांड्यांत पाणी गोठवून बर्फ करीत. पण तो गढूळ आणि थोडाच असे. ट्यूडर यांचा पारदर्शक बर्फ उतरताच त्यावरील जकात माफ झाली, रात्री माल उतरविण्याची मुभा मिळाली आणि शहरवासीयांच्या वर्गणीतून बर्फघर उभे राहिले. अर्थात तो थंडावा प्रामुख्याने युरोपीय अधिकारी आणि धनिकांच्याच वाट्याला आला. मुंबई आणि मद्रासमध्येही बर्फघरे झाली.

दरम्यान कॉफीच्या सट्ट्यात ट्यूडर यांनी २ लाखांहून अधिक डॉलर गमावले. ते कर्ज फेडण्यास पुढील अनेक वर्षे बर्फच, त्यातही कलकत्त्याचा नफा, कामी आला. वयाच्या पन्नाशीत त्यांनी विवाह केला. ६ फेब्रुवारी १८६४ रोजी बोस्टनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते श्रीमंत होते.

पुढे भारतातच यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि अमेरिकेची बर्फवाहू जहाजे येईनाशी झाली. मद्रासचे १८४२ मधील बर्फघर विकले गेले. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिले आणि आज ती वास्तू त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मरीना किनाऱ्यालगतच्या त्या परिसराला मात्र चेन्नईकर अजूनही ‘आइस हाउस’च म्हणतात.