दार धरणाला, पाळी शेताला

शेतकरी बंधूंनो, सिंहगडाला जाताना खडकवासल्याचे पाणी आपण सगळेच बघतो. पण याच धरणावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी काय करून दाखवले, ते थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्यांचे गाव आजच्या कर्नाटकातले मुद्देनहळ्ळी. वडील लवकर गेले. शिकवण्या करून ते शिकले, पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली पहिल्या नंबराने इंजिनिअर झाले आणि १८८४ पासून मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले.

त्या काळी दर पावसाळ्यात खडकवासल्याच्या सांडव्यावरून सहा-आठ फूट पाणी वाहून जायचे आणि उन्हाळ्यात टंचाई पडायची. सांडवा नुसता उंच करावा, तर पुरात धरणाला धोका. यांनी १९०३ च्या सुमारास सांडव्यावर आपोआप चालणारी दारे बसवली. तलाव भरेपर्यंत दारे बंद. पातळी ओलांडली, की पाण्याच्याच जोराने उघडायची. पूर ओसरला, की मिटायची. भिंत न वाढवता साठा जवळपास पाव हिश्शाने वाढला. शोधाचे पेटंट मिळाले, पण सरकारी कामासाठी केलेल्या शोधाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुढे अशीच दारे ग्वाल्हेरच्या तिग्रा आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणावर बसली.

त्यांचे दुसरे काम आपल्या बांधावरचे. नीरा कालव्यावर वरचे लोक उसाला वारेमाप पाणी देत. त्यांची जमीन चिबड होई, शेवटच्या टोकाचा कोरडा राही. १८९९ नंतर त्यांनी तिथे ब्लॉक पद्धत आणली. ठरलेल्या गटालाच पाणी, त्यातल्या एका भागात ऊस, बाकीत कमी पाण्याची पिके, आणि वर्षावर्षाने पाळी बदलायची. शेतकऱ्यांनी आधी कडाडून विरोध केला. साहेबांनी हुकूम सोडून गप्प बसणे पत्करले नाही; लोकांशी बोलून त्यांना पटवले.

पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ साली भारतरत्न ठरले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्या लोंढ्यात जुने खडकवासलाही फुटले. आज दिसतात ते दरवाजे नंतरचे. १९६२ साली, शंभरी ओलांडून ते गेले.

धरणाचे दार आपोआप उघडते, मंडळी. चारीचे दार माणसाच्या हातात असते. पुढच्या आवर्तनात आपली पाळी संपली की ते वेळेवर बंद करा. पाटकरी आणि पाणी वापर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी टोकाच्या शेतापर्यंत एकदा चालत जाऊन यावे. पाणी तिथवर पोचले, तरच त्यांचे काम आपल्याला कळले म्हणायचे.